बोक्याची लघवी अडकली आणि रात्रीचे अडीच वाजलेत: मांजरांच्या इमर्जन्सी सेवेचा आढावा

पुण्या-मुंबईत रात्रभर उघडे असणारे प्राण्यांचे दवाखाने आता सापडतात. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, महालक्ष्मीला २०२४ साली टाटा ट्रस्ट्सचं मोठं रुग्णालय सुरू झालं, आणि यांच्या अवतीभवती खासगी चोवीस तास दवाखान्यांची रांग लागली आहे. हा आढावा कुठल्या एका दवाखान्याचा नाही. खासगी दवाखान्यांत रात्री मांजरासाठी जी सेवा मिळते, ती एकंदर कशी आहे आणि डॉक्टर व पालक यांच्यात तिथे वाद का पेटतात, हे पाहायचं आहे. निकाल आधीच सांगून टाकते: वैद्यकीय उपचारांना पाचपैकी चार, बोलण्याला दोन, हिशोबाला दोन, रात्रीच्या देखरेखीला अडीच. म्हणजे औषधोपचार बहुतेक वेळा बरोबर असतात. भांडण होतं ते काय करणार, कशानंतर काय आणि कितीला, हे कागदावर न आल्यामुळे.

मोजपट्टी म्हणून लघवी अडकलेला बोका घ्यावा. रात्रीच्या इमर्जन्सीत मांजरांचा हा नेहमीचा आजार, आणि वादाचे जवळपास सगळे मुद्दे त्यात येतात. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. मूत्राशयाच्या दाहातून आलेला चिकट स्राव, स्ट्रुव्हाइट या क्षाराचे खडे-कण किंवा कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा तिथे अडकला की लघवी पूर्ण थांबते. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत रक्तात विषारी द्रव्यं आणि पोटॅशियम साठतं, आणि उपचार झाला नाही तर दोन-तीन दिवसांत बोका दगावतो. मादीत हे क्वचितच होतं.

परीक्षा फोनपासूनच सुरू होते. पालक फोनवर सहसा "लघवी अडकली" असं म्हणत नाही. तो म्हणतो, "दोन दिवस शी होत नाहीये, सारखा ट्रेमध्ये बसून जोर लावतोय." चांगल्या दवाखान्यातला फोन उचलणारा माणूस लगेच तीन प्रश्न विचारतो: बोका की मादी? लघवी शेवटची स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिली? उलट्या होतायत का, मलूल पडलाय का? उत्तरं तशी आली तर "आत्ता, याच क्षणी निघा" असं सांगतो. वाईट दवाखान्यात "जुलाबासाठी लॅक्ट्युलोज द्या, सकाळी आणा" असं उत्तर मिळतं, आणि त्या सहा तासांची किंमत बोका मोजतो. रेती वापरणाऱ्या घरात हा घोळ जास्त होतो, कारण रेतीत लघवीचे गोळे होत नाहीत आणि घरच्यांना वाटतं की तो करतोय. शंका आली तर ट्रे रिकामा करून त्यात नुसता पांढरा कागद घालावा, तासाभरात कळतं. एरंडेल, इसबगोल काही देऊ नये. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न तर मुळीच करू नये, ताणलेलं मूत्राशय फाटू शकतं. आणि कुणी जवळपासच्या दवाखान्यात "लघवी होण्यासाठी" लॅसिक्सचं इंजेक्शन देऊ लागलं तर थांबवावं. बाहेर पडायची वाट बंद असताना लघवी वाढवणारं औषध म्हणजे दाब आणखी वाढवणं.

दवाखान्यात पोचल्यावर पहिला खटका दहाव्या मिनिटाला उडतो. पालकाला दिसतं की बोका ओरडतोय, पोट घट्ट आहे, लघवी अडकली आहे, तर ती आधी मोकळी करा. डॉक्टर मात्र पायाला सुई लावतो, ईसीजीच्या क्लिपा जोडतो, रक्त काढतो आणि वाट पाहतो. "डॉक्टर, तुम्ही नुसत्या तपासण्या का करताय?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक केसमध्ये येतो. इथे डॉक्टर बरोबर आहे, आणि पालकाने शंभर टक्के त्याचं ऐकावं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालायला भूल किंवा गुंगी लागते, आणि पोटॅशियम चढलेल्या हृदयाला ती गुंगी पेलत नाही. निरोगी मांजराचं पोटॅशियम साधारण साडेतीन ते साडेपाच (मिलीमोल प्रति लिटर) असतं, अडकलेल्या बोक्यात ते आठच्या वरही जाऊ शकतं. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराचे ठोके मिनिटाला १६० ते २२० असायला हवेत. आजारी, गार पडलेल्या बोक्याचे ते १४०च्या खाली असतील तर रिपोर्टची वाट न पाहता पोटॅशियमवर उपचार सुरू करायचे असतात. ईसीजीवर टी लहर उंच होते, पी लहर नाहीशी होते. त्यावर दहा टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट, किलोमागे अर्धा ते एक मिली, पाच ते दहा मिनिटांत हळू, ईसीजीवर नजर ठेवून. चार किलोच्या बोक्याला दोन ते चार मिली. याने पोटॅशियम उतरत नाही, पण हृदयाला वीस-तीस मिनिटांची ढाल मिळते. खाली आणायला सलाईन, गरज पडल्यास डेक्स्ट्रोज आणि इन्सुलिन. मग गुंगी, आणि मग कॅथेटर.

हे सगळं डॉक्टरला माहीत असतं. तो ते बोलत नाही, ही तक्रार खरी आहे. मशीनवरचा आकडा पालकाकडे वळवून "हा आठ पॉइंट सहा आहे, हृदय सावरलं की नळी घालू" एवढं सांगायला वीस सेकंद लागतात. ज्या दवाखान्यात हे होतं तिथे पुढचा अर्धा तास कुणी आवाज चढवत नाही. बऱ्याच ठिकाणी रात्री इलेक्ट्रोलाइट (पोटॅशियमसारखे रक्तातले क्षार) मोजायचं मशीनच नसतं, नमुना बाहेरच्या लॅबला जातो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, ठोके आणि ईसीजीवर निर्णय घेता येतो. पण "रिपोर्ट येऊ दे मग बघू" म्हणत बोक्याला पिंजऱ्यात ठेवणारा दवाखाना इमर्जन्सीची पाटी लावायला लायक नाही. फोनवरच विचारून ठेवा: पोटॅशियम जागेवर मोजता का, ईसीजी आहे का?

आता पैसे. पहिल्या रात्रीचं बिल खासगीत पाच आकडी सहज होतं, आणि डिपॉझिट आधी मागितलं जातं. पालकाला हे अपमानास्पद वाटतं. "माझं बाळ मरतंय आणि तुम्ही क्यूआर कोड दाखवता?" दवाखान्याची बाजू अशी की रात्री दोनला ॲडमिट केलेलं मांजर सकाळी कुणी न्यायलाच आलं नाही, असं खरोखर होतं. डिपॉझिटला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो एका ओळीच्या एस्टिमेटला. "अंदाजे इतके, पुढे बघू" हा हिशोब नव्हे.

चांगला दवाखाना टप्पे पाडून लिहितो. पहिला टप्पा, जीव सांभाळणं: तपासणी, सुई, सलाईन, रक्त, ईसीजी, वेदनाशामक. दुसरा, गुंगी आणि कॅथेटर, एक्स-रे किंवा सोनोग्राफी. तिसरा, ॲडमिट, दर चोवीस तासांचा दर वेगळा दाखवून, कारण बिल फुगतं ते इथेच. चौथा, काही बिघडलं तर: पुन्हा अडकणं, पुन्हा नळी, वारंवार झालं तर मूत्रमार्ग रुंद करायची शस्त्रक्रिया. प्रत्येक टप्प्याला कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे, आणि खाली एक ओळ: या रकमेच्या वर जाण्याआधी फोन करू. असा कागद मिळाला तर पालक पहिल्या टप्प्याला तिथल्या तिथे हो म्हणू शकतो, आणि बाकीच्यावर विचार करायला त्याला एक-दोन तास मिळतात. कागद मिळत नसेल तर स्वतः मागा. "डॉक्टर, माझ्याकडे आज एवढेच आहेत, एवढ्यात सगळ्यात महत्त्वाचं काय?" हे बोलायला संकोच नको. बहुतेक डॉक्टरांना हे वाक्य आवडतं, कारण मग त्यांना अंदाज बांधत बसावं लागत नाही.

सगळ्यात मोठा वाद पुढे आहे. "डॉक्टर, फक्त लघवी काढून द्या, आम्ही घरी नेतो." डॉक्टर म्हणतो, दोन दिवस ॲडमिट लागेल. पालकाला वाटतं, बिल वाढवतायत.

नळी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास आत ठेवायची दोन कारणं आहेत. मूत्रमार्ग सुजलेला असतो, नळी लगेच काढली तर सूज आणि आकुंचनामुळे तो पुन्हा बंद होतो. मोकळं करून त्याच दिवशी घरी नेलेल्या बोक्यांत पुन्हा अडकण्याचं प्रमाण अभ्यासांत जास्त आढळलं आहे. दुसरं कारण घरच्यांना दिसतच नाही: अडथळा निघाला की मूत्रपिंडं एकदम प्रचंड लघवी करू लागतात. निरोगी मांजर तासाला किलोमागे एक ते दोन मिली लघवी करतं, म्हणजे चार किलोचा बोका चार ते आठ मिली. मोकळा झालेला बोका तासाला चाळीस मिली करू शकतो. सलाईन तासाला दहा मिलीवर लावून ठेवलं असेल तर सकाळपर्यंत तो कोरडा पडतो. उलट लघवी कमी होत असताना सलाईन जोरात सोडलं तर पाणी छातीत जातं, आणि ज्यांच्या हृदयाचा आजार अजून कुणाला माहीतच नाही अशा बोक्यांत हे पटकन होतं. म्हणून दर दोन-चार तासांनी पिशवीतली लघवी मोजायची, सलाईन त्याप्रमाणे बदलायचं, श्वास मोजायचे. घरी हे होणार नाही.

तरीही "ॲडमिट नाही तर काहीच नाही" ही दवाखान्यांची भूमिका मला पटत नाही. २०१० साली अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी नळी न घालता उपचाराची एक पद्धत प्रसिद्ध केली. पोटातून सुईने मूत्राशय रिकामं करायचं, वेदनाशामक आणि शांत करणारी औषधं द्यायची, त्वचेखाली सलाईन द्यायचं आणि अंधाऱ्या, आवाज नसलेल्या जागी ठेवायचं. १५ बोक्यांपैकी ११ जण तीन दिवसांत स्वतःहून लघवी करू लागले. उरलेल्या चौघांत पोटात लघवी किंवा रक्त साचण्यासारख्या गुंतागुंती झाल्या. हे बोके दवाखान्यातच होते, घरी नव्हते. ज्यांचं रक्त फार बिघडलं होतं किंवा ज्यांना खडे होते, ते यात घेतलेलेच नव्हते. म्हणजे ही पद्धत पूर्ण उपचारांची जागा घेत नाही. पण एकीकडे पूर्ण उपचार आणि दुसरीकडे पैसे नाहीत म्हणून दयामरण, या दोन टोकांच्या मध्ये एक पायरी आहे, आणि पोटॅशियम ठीक असलेल्या बोक्याच्या पालकाला ती सांगितली गेली पाहिजे. ती पायरी स्वतःहून सांगणारे डॉक्टर आहेत. माझ्या लेखी दवाखान्याचा दर्जा ओळखायची ही सगळ्यात चांगली खूण.

नळी कशी घातली तेही विचारावं. अडथळा सोडवायला टोकाला भोक असलेली कडक टॉमकॅट नळी चालते, पण ती आत ठेवून द्यायची नसते, ती मूत्राशयाला टोचते. आत राहायला मऊ नळी हवी. आपल्याकडे बऱ्याचदा लहान बाळांची फीडिंग ट्यूब वापरतात, त्यात चूक काही नाही. नळीचं तोंड उघडं सोडून लघवी टॉवेलवर गळू देणं मात्र चूक. बंद पिशवी हवी, नाहीतर ती सलाईनची रिकामी, निर्जंतुक पिशवी आणि सेट. उघड्या नळीतून जंतू वर चढतात आणि लघवी मोजताही येत नाही. शेपटीच्या मुळाशी लिग्नोकेनचं इंजेक्शन देऊन तो भाग बधिर केला तर गुंगी कमी लागते आणि मार्ग सैल पडतो. नळी जोराने ढकलल्याने मूत्रमार्ग फाटतो, म्हणून दोन-तीन प्रयत्नांत जमलं नाही तर थांबून वरिष्ठांना बोलावणारा डॉक्टर चांगला समजावा. पालकांना तो नवशिका वाटतो, ते चूक आहे.

रात्रीच्या देखरेखीला मी अडीच दिले, कारण चोवीस तास अशी पाटी असली तरी डॉक्टर चोवीस तास जागेवर असतोच असं नाही. काही ठिकाणी एकनंतर अटेंडंट एकटाच असतो आणि डॉक्टर फोनवर. ॲडमिट करण्याआधी सरळ विचारा: रात्री जागेवर नोंदणीकृत डॉक्टर आहे का, लघवीची नोंद कोण करणार, आणि सकाळी तो तक्ता मला दाखवाल का? तक्ता असेल तर त्यावर वेळा असतात, मिली असतात, कुणाची तरी सही असते. एकाच पेनाने एकाच बैठकीत भरलेला तक्ता ओळखू येतो. याच मुद्द्यावर पालकांची बाजू सगळ्यात मजबूत आहे, आणि नेमकं हेच ते विचारत नाहीत. ते भांडतात भेटू देत नाहीत म्हणून.

भेटीबद्दल दोन्हीकडे थोडं थोडं खरं आहे. पालक निघून गेल्यावर काही बोके उसळतात, नळी ओढतात. पण रात्रभर काळजीत बसलेल्या माणसाला "सकाळी अकरा ते बारा" एवढंच उत्तर देणंही बरोबर नाही. रात्री एक फोटो, एक ओळ निरोप, आणि घरातली वापरलेली चादर पिंजऱ्यात ठेवायची परवानगी, यात कुणाचं काही बिघडत नाही. मांजरांचे पिंजरे कुत्र्यांच्या वॉर्डात असतील तर मात्र जरूर हरकत घ्या. या आजारात ताण हेच मोठं कारण असतं, आणि रात्रभर भुंकणं ऐकणारा बोका लवकर मोकळा होत नाही.

दोन प्रसंग लघवीशी संबंधित नाहीत, पण वाद तसाच होतो. तोंड उघडून धापा टाकणारं मांजर आलं की पालक ओरडतो, "एक्स-रे काढा ना आधी!" डॉक्टर त्याला ऑक्सिजनच्या पेटीत ठेवतो, शांत करणाऱ्या ब्युटॉर्फेनॉलचा हलका डोस देतो आणि हात लावत नाही. बाहेरून हे काहीच न केल्यासारखं दिसतं, पण करण्यासारखं तेच असतं. श्वास लागलेलं मांजर टेबलावर दाबून धरलं की तिथेच मरू शकतं. जागेवरच सोनोग्राफीचा प्रोब लावून छातीत पाणी आहे का पाहायचं, असेल तर सुईने काढायचं, एक्स-रे नंतर. तसंच, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून पडलेलं पण चालणारं मांजरही चोवीस तास ठेवून घ्या म्हणतात. फुप्फुसाभोवती हवा साचायला वेळ लागतो, टाळू फाटलेला तोंड उघडल्याशिवाय दिसत नाही.

दुसरा प्रसंग लपवाछपवीचा. मांजराला ताप वाटला म्हणून घरात कुणीतरी क्रोसिन दिलेली असते आणि ते कुणी बोलत नाही. मांजराचं यकृत पॅरासिटामॉल पचवू शकत नाही, ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जीव घेऊ शकते. हिरड्या चॉकलेटी होतात, चेहरा-पंजे सुजतात. उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, आणि तो माणसांच्या मेडिकलमध्येही मिळतो. पण खरं कळलं तरच दिला जातो. कुत्र्याचं गोचीडनाशक पर्मेथ्रिन मांजराला लावलं असेल तेही सांगा. डॉक्टरांनीही "कुणी दिलं?" हे नंतर विचारावं, आधी "किती आणि किती वाजता?" एवढंच. पालकाला आधी गुन्हेगार ठरवलं की तो उरलेलंही लपवतो.

दयामरणाबद्दल थोडंच. वारंवार अडकणारा बोका, पैसे संपलेले, अशा वेळी डॉक्टर तो पर्याय सुचवतो तेव्हा तो क्रूर असतोच असं नाही. मात्र त्याआधी धर्मादाय रुग्णालय, शस्त्रक्रिया आणि वर सांगितलेली मधली पायरी यांची नावं घेतली गेली पाहिजेत, आणि संमतीचा फॉर्म वाचून दाखवला गेला पाहिजे. पालकाने नको म्हटलं आणि घरी नेलं तर वेदनाशामक देऊनच पाठवावं. स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज घेतला, ही काही शिक्षा नाही.

डिस्चार्जच्या वेळी औषधांची यादी नीट पाहा. अडकलेल्या बहुतेक बोक्यांच्या लघवीत सुरुवातीला जंतू नसतात, म्हणून सर्वांना सरसकट अँटिबायोटिक लागत नाही. नळी आत असताना स्टिरॉइड देऊ नये. मूत्रमार्ग सैल पडावा म्हणून प्राझोसिन वर्षानुवर्षं दिलं जातं, पण अलीकडच्या अभ्यासांत त्याने पुन्हा अडकणं कमी झालेलं दिसलं नाही. हे का लिहिलंय असं विचारलं तर चांगला डॉक्टर चिडत नाही. नळी काढल्यावर बोक्याने स्वतः धार सोडलेली कुणीतरी पाहिल्याशिवाय घरी नेऊ नये. घरी पहिला आठवडा ओला आहार, पाण्याची दोन-तीन भांडी, मांजरांपेक्षा एक ट्रे जास्त, आणि दर आठ ते बारा तासांनी लघवी झाली का ते पाहणं. पुन्हा जोर लावू लागला तर सकाळची वाट न पाहता निघायचं.

आणि केस पेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, लघवीचा तक्ता, सगळ्याच्या प्रती त्याच दिवशी मागून घ्याव्यात. पुढच्या वेळी दुसऱ्या दवाखान्यात जायची वेळ आली तर त्यातला पोटॅशियमचा आकडा आणि नळीचा नंबर पहिल्या पाच मिनिटांत उपयोगी पडतो. उपचारांबद्दल गंभीर तक्रार असेल तर ती नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे जाते, पैशांची ग्राहक आयोगाकडे, आणि दोन्हीकडे सगळ्यात आधी हेच कागद मागतात.